दोघांचं पीठ

बोदवडच्या दवाखान्यात नंबर पुढे सरकेना, तसे लीलाधरचे कान शेजारच्या दोघींकडे लागले.

“काय म्हने डाक्टर, पार्वताअक्का?”

“वजन उतरव म्हने. रातचं जेवन सोड, नाही तं एकच भाकर खाय.”

“मंग एकच खाय ना!”

“हात ऐकत नाही, बेबा. ते गेले, तरी पीठ दोघांचंच मळलं जाते. त्याईची भाकर मंग मीच खाते.”

“गायीले घाल.”

“श्राद्धाले घालतेच ना. रोज घालाले जीव होत नाही.”

बेबाबाई तिच्याजवळ सरकली.

“भाकर कळन्याची करते का, ज्वारीत उडीद घालून?”

“त्याईले दुसरी चालेच ना.”

“मंग आजपासून मी येते जेवाले. पन ठेचा झनझनीत लागतो मले!”

“त्याईलेबी तसाच लागे.”