तीन भागिले दीड

नणंद : आल्या आल्या भिंतीशी वाकून काय बघतेस? पिल्लू इकडे माझ्या मांडीवर आहे.

भावजय : घेते हो त्याला. ताई, हीटर दिवसभर चालू होता ना?

नणंद : तू गेल्यापासून. कफ सुटेपर्यंत खोली उबदार ठेवा असं डॉक्टरांनी बजावलंय, ते मीही ऐकलंय.

भावजय : मग प्लगमधला मीटर तीनच युनिट का दाखवतोय? सकाळी मी तो शून्यावर आणून गेले होते.

नणंद : मीटर हीटरला लावलास की मला?

भावजय : तसं नाही हो. साधं सूत्र आहे. जळलेली वीज म्हणजे हीटरची शक्ती गुणिले वेळ. आपल्याला वेळ हवा, तर शक्ती पलीकडे नेऊन तिनं भागायचं. हीटर दीड किलोवॅटचा. तीन भागिले दीड, दोन. दोनच तास चाललाय.

नणंद : बरं. आणि बाकीचा दिवस आम्ही कुठे होतो?

भावजय : तेच विचारतेय. तुमच्या त्या शिवणवाल्या मैत्रिणीकडे?

नणंद : असल्या कफात? तुझ्या नवऱ्याला कडेवर घेऊन वाढवलंय मी, बाई.

भावजय : मग आकडा कुठून आला?

नणंद : ते तू बघ. मी बटण एकवर ठेवलं होतं.

भावजय : तीनवर दिसतंय की.

नणंद : ते आत्ता केलं. जिन्यात तू खोकलीस ते ऐकलं, म्हटलं गारठून आली असेल. एरवी तीनवर ठेवलं की ह्याच्या मानेला घाम सुटतो आणि तो अंगावरच वाळतो. म्हणून एकवर.

भावजय : एकवर म्हणजे अर्धा किलोवॅट. थांबा हं.

(बाळाला खांद्यावर घेते. ओठ हलत राहतात.)

भावजय : तीन भागिले अर्धा. सहा.

नणंद : सहा काय?

भावजय : तास. मी गेल्यापासून येईपर्यंतचे. शक्ती मी आधीच ठरवून टाकली होती.

नणंद : मलाही.

भावजय : ताई, उद्या याल ना? नोकरी अजून कच्ची आहे माझी, रजा नाही मिळायची.

नणंद : येईन. पण मनात काही आलं तर सरळ तोंडानं विचार.

भावजय : आणि तुम्ही सांगता ते खरंच आहे, हे मी कशावरून काढू?

नणंद : ते नाही गं काढता येत. ते धरूनच चालावं लागतं.