तक्त्यांचा राहिलेला परिच्छेद

संगणकावरचे दस्तऐवज सगळ्या प्रोग्राममध्ये सारखे उघडावेत म्हणून केलेल्या खुल्या मानकाच्या समितीत माझ्याशी भांडणाऱ्या वोल्फर्टने तीन वर्षांपूर्वी लिहिलं होतं, ‘तक्त्यांचा परिच्छेद आपल्यामुळे राहिला. आता मिळून लिहू या?’ त्याला उत्तर माझ्याने लिहवेना. परवा बर्लिनच्या टपाल कचेरीच्या रांगेत माझ्यापुढे एक तरुणी आणि एक दाढीवाला होते.

“वीब्के, तुमच्या कंपनीचे तक्ते आमच्या प्रोग्राममध्ये उघडले की मोडतात,” दाढीवाला म्हणाला.

“तुमचे आमच्याकडे मोडतात. मानकात नियमच नाही.”

“का नाही?”

“समितीत दोन म्हातारे भांडत बसले म्हणे.”

“मग अंदाजावरच चालायचं?”

“तुझा अंदाज वाईट आहे, यान. माझ्या चाचणीच्या फाईली घे.”

“तुझे साहेब?”

“चिडतील. मग स्वतःचा मोडलेला तक्ता बघतील.”

“आणि नियम?”

“म्हातारे लिहीत नसतील तर आपण लिहू.”

माझा नंबर आला. मी पोस्टकार्ड घेतलं, वोल्फर्टला ‘हो, सोमवारी ये’ एवढं लिहिलं आणि पेटीत टाकलं.