बागेतला उखाणा

तात्याबा : उठा बाई, घंटा झाली. बाग बंद करायचीय.

बनुबाई : जरा थांबा की मामा. आमचं माणूस येतंय. सायकलवर एक चक्कर मारून येतो म्हनून ग्येल्यात.

तात्याबा : कवा?

बनुबाई : ऊन डोक्यावर हुतं तवा.

तात्याबा : आवं, ही सायकलची वाट हितनं निगती, नदीकडनं घाटापतोर जाती आन् वळून परत येती. पोरं बिडी इझायच्या आत फिरून येत्यात. दिस बुडाला, आन् तुमचं माणूस अजून एकच चक्कर मारतंय?

बनुबाई : पलटनीतनं सुटून आल्यात त्ये. सायकलीचा लय नाद. आमच्या पलूसला अशी वाट कुटली? नवी बाग दावतो म्हनून मुद्दाम सांगलीला आणलं मला. लगीन झाल्यापासनं पयल्यांदा कुटं नेलं बगा.

तात्याबा : नाव काय त्येंचं? हाळी देतो.

बनुबाई : नाव कसं घिऊ?

तात्याबा : मग मी काय ‘आवं, आवं’ म्हनून वरडू? निम्मी बाग वळून बगंल.

बनुबाई : पांडवातलं हाय. तिसरं.

तात्याबा : धर्म, नकुल, भीम... भीमराव! ओ भीमरावऽ!

बनुबाई : न्हाई वं मामा! त्ये न्हवं. माशाचा डोळा फोडला ते.

तात्याबा : डोळा फोडला? फौजदारी झाली आसंल मग. बाई, मी राखनदार हाय, कीर्तनकार न्हाई. सरळ बोला. आन् तुमच्या गळ्यात डोरलं कुटं हाय?

बनुबाई : त्येनीच काडून घेतलं. बागंत गर्दी आसती, चोर आसत्यात, माझ्या खिशात ऱ्हाऊ दे म्हनले.

तात्याबा : गळ्यात डोरलं न्हाई, तोंडात नवऱ्याचं नाव न्हाई. म्हंजी गुंडा म्हनत हुता ते खरंच.

बनुबाई : कोन गुंडा? काय म्हनत हुता?

तात्याबा : वरच्या फाटकापाशी भाड्यानं सायकली देतो त्यो. म्हनत हुता, कारंज्यापाशी एक खुळी बाई बसलीया, तिच्या नादी लागू नगा. ह्यो बगा, आलाच.

(बनुबाई पदर सावरते आणि पुन्हा सायकलच्या वाटेकडं बघते. दुपारपासून तिनं जागा सोडली नव्हती. ‘हितंच बस’ म्हणाले होते, म्हणून बापडी पाणी प्यायलाही उठली नाही, आणि पाणी तर समोर नदीभर होतं.)

गुंडा : काय तात्याबा, ग्येली न्हाई अजून?

बनुबाई : दादा, तुमच्याकडनं सायकल नेली का वं कुनी? खाकी विजार, वर पांढरा सदरा?

गुंडा : लढाई सपली, वैनी. खाकी विजारी आता गल्लोगल्ली झाल्यात. नाव बोला, नाव.

तात्याबा : नाव घ्यायला लाजती.

गुंडा : मग उखाना घ्या! बारशाला बाया घेत्यातच की. तुमी उखाना घ्या, मी सांगतो तुमचं माणूस कुटं हाय. आईच्यान.

बनुबाई : खरंच ठावं हाय तुमास्नी?

गुंडा : सगळं ठावं हाय.

तात्याबा : घ्या की बाई. म्हातारी मेल्यापासनं मीबी उखाना ऐकला न्हाई.

बनुबाई : नव्या बागंत कारंजं, कारंज्याला धार... अर्जुनरावांचं नाव घेते, त्येंचाच मला आधार.

गुंडा : वा वा! फस्क्लास! ‘त्येंचाच मला आधार!’ ऐकलंस का, तात्याबा?

बनुबाई : आता सांगा की दादा.

गुंडा : तुमच्या आधारानं दुपारीच सायकल परत केली.

बनुबाई : दुपारी? मग हिकडं का न्हाई आले?

गुंडा : वरच्या फाटकाला एक बाई थांबली हुती. गोरीपान, पायात चपला. तिला डबलशीट घिऊन तितंच, फाटकाच्या आत दोन फेऱ्या मारल्या...

तात्याबा : डबलशीट? बागंत डबलशीटला बंदी हाय! मला का न्हाई सांगितलंस?

गुंडा : ...आन् मग टांग्यात बसून टेसनाकडं ग्येली दोगं.

बनुबाई : दुसरं कुनी आसंल. त्या नावाची माणसं काय थोडी हायती?

गुंडा : आसंल की. पर जाताना त्यानं खिशातनं डोरलं काडलं आन् फाटकातच तिच्या गळ्यात बांदलं.

बनुबाई : मन्यांच्या मधी पवळं हुतं?

गुंडा : हुतं.

तात्याबा : गुंड्या, हे आदी सांगायचं सोडून तिला उखाना घ्याया लावलास?

गुंडा : गंमत, दुसरं काय! त्यानंच बिडीचं बंडल हातात दिवून सांगितल्यालं, कारंज्यापाशी खुळी हाय, कुनालाबी नवरा म्हनती.

तात्याबा : डोरलं बगितलंस, तवा कळलं न्हाई?

गुंडा : कळलं. पर बंडल घेतल्यालं हुतं न्हवं.

तात्याबा : बाई, आयका. पुन्याची गाडी मिरजेसनं सुटायची हाय अजून. चौकीत फोन हाय. चला, नाव सांगा, धरतील त्येला. पर तितं उखाना चालायचा न्हाई. सरळ नाव.

बनुबाई : बेड्या घालतील?

तात्याबा : घालतील की.

बनुबाई : नगं मग. गावात काय तोंड दावतील त्ये?

गुंडा : घ्या! त्यो म्हनलाच हुता.

बनुबाई : काय म्हनले?

गुंडा : जाऊ द्या, वैनी.

बनुबाई : सांगा. उखाना घेतलाय मी.

गुंडा : म्हनला, ‘कितीबी इचारा, ती माझं नाव घ्यायची न्हाई. तसं वळान लावलंय मी तिला. तवर आमी पुन्याला पोचतू.’ लय हासली दोगं.

बनुबाई : अर्जुना.

तात्याबा : हां, आता कसं! उटा, चला चौकीत.

बनुबाई : अर्जुना. अर्जुना.

गुंडा : ऐकलं की वैनी. आता आमाला काय ऐकवताय?

बनुबाई : अर्जुना. अर्जुना. अर्जुना.

तात्याबा : बाई, गाडी सुटंल. पाया पडतो, उटा.

बनुबाई : सुटू द्या, मामा. चौकीचं काम न्हाई. माझी आय सांगायची, बायकूनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्येचं आयुष्य कमी हुतंय. तुमी फाटक लावून घ्या. मला लय येळ लागंल.