काळीचं पोतं

"काळीला आजच तामलवाडीच्या शेतात सोडून येतो!" हे माझा लेक सुरेश मला सांगत होता. मला! मी त्याच्या मोटारसायकलीपुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

"सोडून तर बघ," म्हणाले.

झालं होतं एवढंच, की आमच्या पिवळी नावाच्या मांजरीचा पाय सुजला म्हणून सुरेशनं तिला जनावरांच्या डॉक्टरकडं नेऊन आणलं. ती घरात आली आणि रोज तिच्याच अंगावर पाय टाकून झोपणारी आमची दुसरी मांजर काळी फिस्कारून तिच्यावर धावली. पिवळी जी कपाटामागं शिरली, ती दुधालासुद्धा बाहेर येईना.

"पिवळी उपाशी मरंल, आई. काळी चवताळलीय," सुरेश म्हणाला.

"चवताळली न्हाय. पिवळीच्या अंगाला औषधाचा वास मारतोय. काळीला वाटतंय, ही कोण परकी घरात घुसली? वास जाऊ दे, मग बघ, आपसूक एका जागी झोपतील."

"असं कुठं असतंय व्हय, आत्याबाई?" सून संगीता म्हणाली. "घरच्या माणसाला कुणी वासावरनं हाकलतंय का?" तिनं तर काळीसाठी पोतं झटकून हातात तयार धरलं होतं.

मग मात्र माझं टाळकं सरकलं.

"सुरेश, तू अपेंडिक्सचं ऑपरेशन करून घरी आलास, तवा वास मारतोय म्हणून ही नाकाला पदर लावून माझ्याजवळ झोपाय आली होती; हिला म्या पोत्यात घातलं होतं का?"