झोक्यावरचे पाढे

माझं माहेर सारंगखेड्याजवळचं, तापीकाठचं, गावात शाळा चौथीपर्यंतच होती, पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागे म्हणून वडिलांनी पाटी काढून घेतली आणि हातात विळा दिला. मला त्याचं वाईट वाटलं की नाही हे कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही, मी पहिल्यापासून मुकीच, चार माणसांत माझा आवाज फुटतच नाही. सासर जवळच मिळालं, घरची शेती, पपई, कापूस. दोन पोरी झाल्या, थोरली कविता आणि धाकटी नंदा. कविता हुशार, काय सांगू तुम्हाला, मला जे चौथीत अडलं होतं ते तिला पहिल्या झटक्यात कळायचं.

करोना आला तेव्हा कविता नववीत होती आणि नंदा तिसरीत. शाळा बंद, गुरुजी म्हणे फोनवर शिकवतील, पण घरात फोन एकच आणि तो ह्यांच्या खिशात, हे शेतात. जावेच्या दोन पोरी धरून चार जणी घरात कोंडलेल्या, दिवसभर भांडणं. मग कवितानेच शाळा काढली. कापसाच्या सुक्या पऱ्हाटीच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या, त्यावर हातच्याची बेरीज. मागच्या भिंतीवर कोळशाने नकाशा काढला, आमच्या तापीची रेघ काढून म्हणाली, ही बघा, ही समुद्राला जाते. चिंचोके खेळत भागाकार. मीसुद्धा भाकऱ्या थापता थापता ऐकायची, भागाकार मला त्या उन्हाळ्यात आला, खोटं नाही सांगत.

मग आखाजी आली, तुमची अक्षय्य तृतीया. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, पण त्या वर्षी कुणी कुठे जाणार, लिंबाखाली चार माणसं जमली तर पोलीस येत. तर मी बैलगाडीचा जाड नाडा घेतला आणि पडवीच्या आढ्याला झोका बांधला. कविता म्हणाली, माय, ज्याचा पाढा चुकेल त्याने उतरायचं. आखाजीच्या गाण्याच्या चालीवर पाढे म्हणायच्या पोरी, झोका पुढे गेला की सतरा एके सतरा, मागे आला की सतरा दुणे चौतीस. इतकं हसू त्या पडवीत मी लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं.



ह्यांच्या आत्याबाई होळीला आल्या होत्या आणि गाड्या बंद झाल्या म्हणून आमच्याकडेच अडकल्या होत्या. त्यांचा शब्द हे खाली पडू देत नाहीत. कविताला दहावीनंतर शहाद्याला कॉलेजात घालावं असं माझ्या मनात होतं, पण ह्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू. तर मी विचार केला, पोरीची हुशारी आत्याबाईंनी बघावी, त्यांनीच ह्यांना म्हणावं, पोरीला शिकव. म्हणून मी कविताला म्हटलं, जा, आत्याबाईस्ले दखाड, तू कशी शिकाडस ते. तिने मन लावून दाखवलं. झोका, पाढे, नकाशा, आणि मध्येच जावेची धाकटी रडली तर तिला कडेवर घेऊन झोका देता देता पाढा म्हणत राहिली.

आत्याबाई बघत राहिल्या. मग ह्यांना म्हणाल्या, पोरेसले इतली चांगली सांभाळस, आते हिले घरमा कितला दिन ठेवशी. म्हणजे आता हिला उजवून टाक.

आत्याबाईंच्या दिराचा नातू होता, बागायतवाला, त्याचं स्थळ त्यांनीच सुचवलं. हे म्हणाले, वीस माणसांत लग्न होतंय, ना मांडव ना पंगत, असं पुन्हा जमायचं नाही. वय बसत नव्हतं, पण त्या दिवसांत कोण येत होतं बघायला. एकदाच ह्यांनी मला विचारलं, तुन्हं काय म्हननं शे. मी पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर ठेवला आणि आत गेले. त्यालाच त्यांनी होकार धरलं.

हळदीच्या दिवशी कविता मला म्हणाली, माय, दखाड म्हनी तूच सांगं ना. बस, इतकंच, की दाखव म्हणून मीच सांगितलं होतं. रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं.

भिंतीवरचा नकाशा मी लग्नाआधी शेणाने सारवला, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. शाळा सुरू झाली तेव्हा दहावीच्या वर्गात तिच्या गावातल्या मैत्रिणी बसल्या आणि ती सासरी दिराची पोरं खेळवत होती. सासू कौतुक करते, म्हणते, सून पोरांना छान शिकवते.

आता तिला तीन वर्षांची मुलगी आहे. आखाजीला येते, झोका बांधते, पण पाढे म्हणत नाही, नुसती झोके देते. नंदा आठवीत आहे, वर्गात पहिली येते. पाहुणे आले की मी तिची वही धान्याच्या कोठीमागे लपवते, तिला म्हणते, चहात साखर जास्त टाक, पोळी जाळ, लहान पोर रडलं तर उचलू नको. आत्याबाई परवा विचारत होत्या, धाकटीला काय काय येतं. आणि मी, जिचा आवाज फुटत नाही, मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, तिले काहीच येत नही.

देवाला दिवा लावते तेव्हा तेच मागते, माझी नंदा खूप शिकू दे, आणि शिकून होईपर्यंत कुणाच्या डोळ्यात भरू देऊ नको. कवितासाठी काय मागायचं ते मला सुचत नाही.