म्हसोबाच्या फोटोतलं विमान

बूट तेवढे भायेर काढा, जमादार सायेब. फोटो न्याले आले, ते समजलं मले — सरकारचा हुकूम हाये, तेही समजलं — पन ज्याचा फोटो न्याचा त्याच्यापुढं बूट घालून उभं राहाचं, हे काई बरं नाई दिसत. हां. बसा त्या बाजीवर. डाव्या अंगानं बसा, उजवीकडची सुतळी तुटली हाये. पार्बताबाई? मीच पार्बताबाई. दुसरी कोन असन अठी, मी अन् ही बकरी. पानी घ्या. नाई नाई, लपवून ठेवला नाई बापा फोटो, लपवाचा असता तं मधल्या भिंतीवर टांगला असता काय? सारं गाव पाहून जाते. तुमाले कोनी सांगतलं, शेषरावनं? त्याचंच काम. त्याले परसाद कमी भेटला असन.

पयले एक गोष्ट ध्यानात घ्या. हा फोटो विमानाचा नाई. म्हसोबाचा हाये. त्या अंगाले निंबाच्या बुडाशी दगड दिसते ना — फोटोत शेंदूर काळाच येते म्हने, म्हनून मी वरून खरा शेंदूर लावला बोटानं — तो आमचा म्हसोबा. आमचा म्हंजे मळ्यातला. आता तुमी म्हनसान, मळा कुठी हाये. मळाही फोटोतच हाये. ते विमान उभं हाये ना, तठी आमचे वांगे होते. त्याच्या मांगं गोबी. अन् देवाच्या पाठीमांगं ते तेलाचे पिंपं रचले हाये, तठी विहीर होती, गोड्या पान्याची. लढाई सुरू झाली, विमानायले उतराले मैदान पायजे होतं, सरकारनं मळा घेतला, विहीर बुजवली, वरून मुरूम दाबला. म्हसोबा तेवढा राह्यला. कामावरचा एकही गडी त्याले हात लावाले तयार होईना — मंग गोरा सायेब म्हने राहू द्या, कोपऱ्यात हाये, कोनाच्या आड येत नाई. तसा देव कोनाच्या आड आलाच नाई. तारेचं कुंपन आड आलं. देव अंदर अन् आमी भायेर.

आता आमच्यात रीत कशी हाये — तुमी कुठले म्हना? भातकुलीचे? खरं सांगता? अवो मंग तुमी माह्या माहेरचे झाले. भातकुलीच्या शिवेलेच लागून हाये माह्यं माहेर. हे पयलेच सांगाले काय झालं होतं — गूळ दिला असता पान्यासंग. थांबा, देते. घ्या. मंग तुमाले काय सांगू, दादा, तुमाले मालूमच हाये. नव्या मळ्याचा पयला तोडा बजारात जात नाई. पयले म्हसोबाले रोडगे अन् त्याच तोड्यातल्या वांग्याची भाजी, मंग बाकीचा माल अकोल्याले. मळा गेल्यावर आमी जानरावचं वावर बटईनं केलं. वांगे झाले, लय झाले. पन तोडाले हात लावन कोन? देव तं कुंपनाच्या अंदर. वांगे झाडावर पिवळे पडून राहिले अन् ताराचे बाबा बांधावर बसून राहिले. मी म्हनलं तोडा. म्हने देवाले दाखवल्याबिगर नाई. तारा आमची पोरगी, धामनगावले देली हाये. ती आली, तिनंही सांगून पाह्यलं. बसूनच.

गेलो नाई कसे? गेलो ना फाटकावर. रोडग्याची शिदोरी घेऊन गेलो. तठी खुशालराव चौकीदार होता, आमच्याच ओळखीचा, आमच्याच मळ्यातली मेथी खाऊन मोठा झाला. म्हने बाई, पास पायजे. म्हनलं पास कुठी भेटते? म्हने अंदर. मंग आमी ते रोडगे तठीच फाटकाजवळ बसून खाल्ले, त्यालेही देले. देवाले इकडे आना म्हनता? तेही केलं. जागेवरून हलवाचं म्हंजे त्याले इचारा लागते, कौल घ्या लागते. आमी कुंपनाच्या भायेर उभं राहून कौल लावला. देव काईच बोलला नाई. एवढ्या दुरून त्याले दिसलंच नसन.

मंग हे फोटोचं ताराच्या बाबाच्या डोक्यात आलं. अकोल्यात एका वकिलाच्या घरी ते भाजी देत. तठी त्यायनं पाह्यलं — वकिलीनबाई भिंतीवरच्या फोटोले गंध लावून राहिल्या, फूल वाहून राहिल्या, हात जोडून राहिल्या, अन् देव बराबर घेऊन राह्यला. घरी आले तं बोलतच आले. म्हने देव येत नाई तं न येवो, त्याचा फोटो तं येईन. मले वाटलं ऊन लागलं. पन त्यायनं फोटोवाला पाह्यला, त्याले कबूलही केलं. फोटोवाल्याचं नाव मी सांगनार नाई. तुमी माहेरचे असा का कोनी असा. लेकराबाळाचा मानूस हाये, ताजनापेठेत दुकान टाकून बसला हाये, त्याचं नुकसान कावून करू? नाव नाई सांगत.

अंदर कसे गेलो? भाजी घेऊन गेलो. तठी गोऱ्यायच्या खानावळीले रोज भाजी लागे, तिचा पास निराळा. जिथी आमचेच वांगे पिकत तठी आमी दुसऱ्याच्या वावरातली भाजी इकाले गेलो, काय सांगू तुमाले. माह्या डोक्यावर मेथीचं टोपलं. ताराच्या बाबाच्या खांद्यावर गोबीचं पोतं. फोटोवाल्याच्या हातात मुळे, त्याले आमी गडी म्हनून नेलं. टोपल्यात? सांगतलं ना, मेथी. खाली? मेथीच्या खाली काय असन — मेथीच असन. जरा जड होती. खुशालरावनं वरची जुडी उचलून पाह्यली, ठेवून देली. अन् फाटक उघडलं त्यानं. त्याले काय मालूम — नाई, त्याले मालूम नव्हतंच, तुमी त्याचं नाव नोका लिहू. कावून लिहून राहिले? मी काय मेथीत कॅमेरा होता असं म्हनलं काय? मी मेथी जड होती म्हनलं. ओली होती मेथी.

गोरे सारे खानावळीत जेवाले बसले होते, निंबाखाली कोनी नव्हतं. आता विमान मधात कसं आलं. आलं नाई, होतंच. निंबाची सावली पाहून कोनी तरी त्याचं शेपूट सावलीत करून उभं केलं होतं, म्हसोबाच्या बाजूलेच. फोटोवाला म्हने देव घ्याचा तं शेपूट येतेच. मी म्हनलं नोको. ताराचे बाबा म्हने येऊ दे, देवापुढं बैल बांधला समज. तुमी हसता, दादा, पन त्यायच्या मनात काई नव्हतं. आमी काय जपान्याले फोटो पाठवनार होतो? जपान्याले आमचे वांगे पाहून काय करा लागते?

मंग फोटोवाला म्हने एक मानूस उभा राहा लागन, नाई तं देव केवढा हाये ते समजत नाई. ताराच्या बाबानं जलमात फोटो काढला नव्हता. मी म्हनलं देवाजवळ उभे राहा, हात जोडा. त्यायनं चपला काढल्या, पागोटं नीट केलं, देवाजवळ उभे राह्यले — अन् मंग सरकत सरकत गेले त्या विमानाकडे, अन् ठेवला त्याच्या शेपटावर हात. बजारात बैलाचा सौदा पटला म्हंजे ठेवतेत ना पाठीवर, तसा. मी म्हनलं हे काय करून राहिले. म्हने अवो, आपल्या मळ्यात उभं हाये, हात लावला तं काय झालं. कमलाकांत म्हने आता हलू नोका, श्वासही घेऊ नोका, अन् कपड्याखाली डोकं घातलं त्यानं. अन् तेवढ्यात ताराच्या बाबानं मान वळवली. माह्याकडे पाह्यलं, हात बराबर दिसते का म्हनून. म्हनून तोंड असं फिसकटलं हाये, पाहा. विमान लोखंडाचं, ते हललं नाई, ते साफ आलं. मानसाचं तोंड पुसट आलं.

घेतलं काय नाव? मी? कमलाकांत? नाई, तो दुसरा कमलाकांत. राहू द्या. लिहिलं तं लिहिलं. पन त्याच्या दुकानात जाऊन फायदा नाई, दादा. ज्या काचेवरून फोटो निघते ती काच त्यानं भेवून फोडली, तुकडे विहिरीत टाकले. मी म्हनलं आनखी एक काढून ठेव बापा, तं हात जोडाले लागला. हा एकच हाये.

अन् एकानंही भागते ना. फोटो घरी आला त्या दिवशी रोडगे केले, वांगे तोडले, देवाले दाखवले. मंग ज्याचे ज्याचे मळे तठी गेले ते सारे येऊ लागले. सहदेव गोबी घेऊन आला, माणिकबाई मेथी घेऊन आली, साऱ्यायचा पयला तोडा अठीच येते. आता हा तुमी नेला तं या लोकायनं कुठी जावं? एवढ्या लोकायचा देव हाये. देव ठान्यात नेता येत नाई, सायेब. हातकड्या घालून देव नेला, असं कोनी आयकलं काय कधी?

शेपटावरचा नंबर? मी तं शिकली नाई. पन पाहा, अर्धा नंबर ताराच्या बाबाच्या पागोट्याआड गेला हाये. म्हंजे तुमचंच काम केलं ना त्यायनं. तरी नाई? बरं, मी शेंदूर लावते त्या विमानावर. तेलात कालवलेला तयारच हाये, सारं शेपूट झाकून टाकते — पुसता येते म्हनता. हो, पुसता तं येते. मंग कापा. ही कातर घ्या, हाराचे दोरे कापते मी हिनं, धार चांगली हाये. विमान कापून न्या, देव राहू द्या. पिंपं? देवाच्या मांगं पिंपं हाये. हो, मीच दाखवले ना तुमाले. म्हंजे देवही बंदीचा अन् विमानही बंदीचं. सारा फोटोच न्याचा म्हनता.

माह्या कपाळाकडे कावून पाहून राहिले? आता दिसलं काय? माहेरचा मानूस म्हनून गूळ खाल्ला अन् आता पाह्यलं. पौषात गेले. ताप आला होता, डोक्यात चढला. संक्रांत पाह्यली नाई त्यायनं. नाई, तुमाले कसं मालूम असन. गुळाचं काई नाई, खाल्ला तं खाल्ला.

आयका दादा. मी मघापासून देव देव करून राहिली. खरं सांगते, सकाळी दिवा लावते तं मी दगडाकडे पाहत नाई. लोक पाहते दगडाकडे. मी त्या पुसट तोंडाकडे पाहते. कोनाले सांगतलं नाई हे, ताराले पन नाई. सारं आयुष्य गेलं, मी त्यायच्या तोंडाकडे समोरून कधी पाह्यलं नाई — कोन पाहते, सासू होती, दीर होते, मंग पोरगी मोठी झाली. आता पाहते. अन् तेही माह्याकडेच पाहून राहिले हाये. कापा तुमी. देव न्या, म्हसोबाचं मी लोकायले समजावून सांगीन. विमान सरकारचं, ते न्या. मधला मानूस तेवढा राहू द्या. त्याच्यात काय हाये सरकारचं? एक पागोटं अन् एक बंडी. हात विमानाच्या संग जाते म्हनता — जाऊ द्या हात. मी भांडनार नाई हातासाठी.

सावकाश. इकडून. पागोट्याची किनार नोका कापू. हां. तुमचा हात चांगला हाये, शिंप्याच्या घरचे काय तुमी? नाई? ते राहू द्या, खाली पडलं ते देवाचं हाये, मी उचलते. हे घ्या, बॅगेत उलटं नोका ठेवू त्याले, अन् ठान्यात कोनाची मेथी आली पयल्या तोड्याची तं दाखवा त्याले. आता हाताजवळ आले. कावून थांबले? कापा ना. बोटाभोवतीनं कापून राहिले? दादा — हात राह्यला. साराच राह्यला. पन बोटाखाली विमान राह्यलं थोडंसं. हे पाहा, नखाएवढं. नंबर नाई त्याच्यावर, नुसता पत्रा. हेही न्या लागन काय? राहू देता?

बरं.

आता तुमी जा. बूट भायेर घाला, अठी नोका घालू. दार ओढून घ्या जाता जाता, मले उठवत नाई.