कापलेली चेन

तुबलीच्या थांब्यावर चढलेले ते दोघे कस्तुरीच्या मागच्या सीटवर धपकन बसले. परदेशातल्या या बसमध्ये मराठी कानावर पडलं तशी तिने मोबाइल बाजूला ठेवला.

“दशरथकाका, क्रेनची चेन खरंच कापलीत?”

“कापली. एक कडी ताणून लांबली होती तिची.”

“‘वापरू नका’चा लाल टॅग लावून ठेवायची ना.”

“मागच्या वेळी लावला होता. जेवून येईस्तोवर टॅग कचऱ्यात आणि चेन परत क्रेनला.”

“नवी येईल म्हणे, इंशाल्ला.”

“येईल तेव्हा येईल.”

“तोवर दोन्ही तुकडे शॅकलची पिनवाली कडी लावून जोड, म्हणतो साहेब. उद्या जनरेटर उचलायचाच आहे.”

“जोडणार कोण?”

“मलाच सांगितलंय.”

“आणि भार वर गेला की खाली कोण उभं राहणार, उज्ज्वल?”

“मीच की.”

गतिरोधकावर बस उसळली. मागे काहीतरी जड खणखणलं.

“काका, पिशवीत काय आहे?”

“शॅकलच्या पिना. स्टोअरमधल्या सगळ्या. पिनेशिवाय लाव म्हणावं आता शॅकल.”

“नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ दे रे. रोज तेच तेच सांगून थकलो.”

उम्म अल हस्समचा थांबा आला. कस्तुरी उतरायला उठली.

“आणा ती पिशवी इकडे,” मागून उज्ज्वलचा आवाज आला. “जड आहे. मी घेतो.”